चहाला गेलेली मिनिटं

२ सप्टेंबर, मंगळवार

कोडच्या ओळी: ६४. टास्क: १. चहा: दोन वेळा, एकूण ७१ मिनिटं.

ही नोंद मी अकरा महिने रोज ठेवते आहे, नोकरी लागली त्या दिवसापासून. कारण साधं आहे. मला चुकून घेतलं गेलं, अशी मला शंका आहे. मुलाखतीच्या दिवशी माझ्या आधीचा उमेदवार आला नव्हता. त्याच्यासाठी काढलेले सोपे प्रश्न मला विचारले गेले असावेत. शंका असली की माप घ्यावं. आजवरची सरासरी दिवसाला ५८ ओळी. शंका गेलेली नाही.

आज नवे प्रमुख आले. ओयबेक अका, वय छत्तीस; मानाने अका, म्हणजे दादा, म्हणायचं. चार वर्षं दुबईत होते. आल्या आल्या त्यांनी आम्हा पाचही जणांना बोलावून घेतलं.

"मालकीणबाईंचा एकच प्रश्न आहे. लग्नाच्या हॉलांसाठी एक सॉफ्टवेअर चालवायला पाच माणसं कशाला? चार का नकोत? महिनाअखेरीस मला उत्तर द्यायचंय, आणि ते आकड्यांत द्यायचंय."

हॉलवाल्यांचे फोन घेणाऱ्या गुलचेहरा ओपा, म्हणजे गुलचेहराताई, म्हणाल्या, "म्हणजे एकाची खुर्ची जाणार."

"ओपा, मी असं म्हणालो का?"

"तुम्ही बसा म्हणाला नाहीत, तेव्हाच कळलं."

नंतर त्यांनी मला एकटीला थांबवलं. कोण किती काम करतं ते मोजणारा प्रोग्राम मी लिहायचा आहे. "तूच का, माहितीय? तुझ्यात भावना कमी दिसतात," असं ते म्हणाले. मी आभार मानले. या ऑफिसात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं अजून बोललं नव्हतं.

३ सप्टेंबर, बुधवार

सूत्र तयार झालं. पूर्ण झालेल्या टास्कला ५ गुण. लिहिलेल्या दर शंभर ओळींना १ गुण. ओळी खोडल्या तर त्याच दराने वजा. चूक ऑफिसातच सापडली तर उणे १०, हॉलपर्यंत पोचली तर उणे ५०. ओपांसाठी टास्कऐवजी निकाली काढलेले फोन मोजायचे.

चाचणी म्हणून ऑगस्टवर चालवलं. एल्योर ९६, दोनियोर ७४, गुलचेहरा ओपा ६१, बोतिर अका ३८, मुनिसा ३१.

मुनिसा म्हणजे मी.

तीनदा तपासलं. प्रोग्राम बरोबर आहे. टास्कला पाचऐवजी दोन गुण दिले तर बोतिर अका पाचवे येतात आणि मी चौथी, हेही तपासलं. बदललं नाही. तपासलं होतं याची नोंद फक्त राहावी.

४ सप्टेंबर, गुरुवार

तक्ता भिंतीवर लागला. एल्योरने आपल्या नावाचा फोटो काढून होणाऱ्या सासऱ्यांना पाठवला. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, हॉलच्या नोंदींचा भाग त्याच्याकडे असतो आणि नोव्हेंबरात त्याचं लग्न आहे.

चहाला विषय तोच. मी सगळ्यांत लहान, म्हणून दाराजवळची जागा आणि किटली माझी. समोर, दारापासून सगळ्यांत लांब, बोतिर अका. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. कापडाच्या कारखान्याच्या संगणक विभागात त्यांनी पत्र्याच्या कपाटाएवढ्या यंत्रावर काम केलंय. स्वयंपाकघराचा भाग त्यांचा: कुठल्या दिवशी किती तांदूळ, किती गाजरं, कढई कधी चढवायची.

"मुनिसा, पोरी," ते म्हणाले, "स्वतःच्याच सूत्रात शेवटी आलीस? आमच्या वेळी माणूस निदान स्वतःपुरता तरी खोटं बोलायचा."

"सूत्र बरोबर आहे, अका."

"सूत्र बरोबरच असेल गं. चहा ओत."

दुपारच्या चहाला ३८ मिनिटं गेली. तपशील: बोतिर अकांचं स्वयंपाकघराच्या कोडबद्दलचं गाऱ्हाणं ऐकलं (१४). वराकडची आणि वधूकडची नोंद वेगळी असते, एक समजू नकोस, असं एल्योरला सांगितलं (६). स्क्रीन आखणाऱ्या दोनियोरने एक बटण हलवलंय, आता हॉलवाल्यांचे फोन येतील, हे ओपांना सांगितलं, आणि ते परत हलव असं दोनियोरला सांगितलं. त्यासाठी त्याच्या कानातले हेडफोन काढावे लागले (९). उरलेला वेळ खरबूज कापण्यात.

या एकाही मिनिटात मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. मी शेवटी का आहे, याचं उत्तर समोर आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

एल्योरला एक बटण हिरवं करायचं होतं. त्याने पाच टास्क काढले: बटण शोधणे, बटणाचा आताचा रंग पाहणे, नवा रंग ठरवणे, रंग बदलणे, रंग बदलला हे पाहणे. पंचवीस गुण. प्रोग्राममध्ये याविरुद्ध नियम नाही. मी ओयबेक अकांना कळवलं. ते म्हणाले, "बघ, माणूस कामाचे तुकडे करायला शिकला. हाच तर फायदा."

गुलचेहरा ओपांनी फोन लवकर निकाली काढायची पद्धत शोधली आहे. समोरचा बोलायला लागला की त्या म्हणतात, "हो, झालं बघा," आणि ठेवून देतात. तोच माणूस पुन्हा फोन करतो. दोन फोन निकाली.

९ सप्टेंबर, मंगळवार

बोतिर अकांनी सात वर्षांचं मेलेलं कोड काढून टाकलं. ६,२०० ओळी. स्वयंपाकघराची स्क्रीन पूर्वी नऊ सेकंदांत उघडायची, आता दोन सेकंदांत उघडते. त्यांचे गुण: उणे ६२.

ते मिठाई घेऊन आले. "घ्या, घ्या. तीस वर्षांत पहिल्यांदा शून्याच्या खाली उतरलोय."

मी त्यांना हळूच सांगितलं, की हे काढणं पुढच्या महिन्यात ढकललंत तर बरं. ते म्हणाले, "घरात घाण दिसली की झाडू पुढच्या महिन्यात मारतात का गं?" मी सूत्राचा नाही, त्यांच्या खुर्चीचा विचार करून म्हणाले होते, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. मी स्पष्ट केलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

अकरा महिन्यांची वही काढून चहाच्या मिनिटांची बेरीज केली. दिवसाला सरासरी ६८. आठवड्याला साडेपाच तासांहून जास्त. पाच माणसांचे मिळून अठ्ठावीस तास. म्हणजे अर्ध्याहून जास्त माणूस आम्ही दर आठवड्याला पिऊन टाकतो.

हे ओयबेक अकांना दाखवलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मुनिसा, इतक्या वर्षांत कुणाला हे दिसलं नाही?"

"कुणी लिहून ठेवलं नव्हतं."

सोमवारपासून एकत्र चहा बंद. प्रत्येकाला आपापला थर्मास मिळेल. काही विचारायचं असेल तर टास्क लिहून विचारायचं.

खरं कारण इथे लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. चहा नसेल तर मी जास्त ओळी लिहीन आणि पाचवी राहणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मुलगी बघायला तीन बायका घरी आल्या होत्या. आईने मला चहा द्यायला बसवलं. मी रीतीप्रमाणे प्याले तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरले; कमी भरला की बसा, काठोकाठ भरला की निघा, असा अर्थ होतो. तिघींचे सारखे भरले, त्यामुळे त्यांना माझा कल कळला नाही.

एकीने विचारलं, "कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस, बाळ?"

"पुलावाच्या तारखा."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "जरा हसून सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"काय झालं असतं?"

आईने प्याले गोळा केले. ती शाळेत गणित शिकवते आणि घरी आल्यावर एकही आकडा तोंडातून काढत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

थर्मास आले. सगळे राखाडी. ओळी: १३८. अकरा महिन्यांतला सर्वांत मोठा आकडा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ओळी: १५१.

१७ सप्टेंबर, बुधवार

ओळी: १४४. ऑफिसात इतकी शांतता आहे की ओपांचं "हो, झालं बघा" भिंतीपलीकडे ऐकू जातं.

तीनच्या सुमाराला एल्योर थर्मास घेऊन माझ्या टेबलाशी आला. "एक विचारू? आचाऱ्यांच्या कागदावरची तारीख..."

"टास्क लिहून टाक," मी म्हणाले. नियम माझाच होता.

"आता एवढ्याशासाठी टास्क? जाऊ दे. करतो माझं मी."

वेळ: अर्धं मिनिट. पूर्वी हेच सहा-सात मिनिटं चाललं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

मी चौथी. पाचवे बोतिर अका, उणे ४२.

आनंद व्हायला हवा होता. कदाचित आहेही, नेमकं कसं ओळखायचं ते माहीत नाही. भिंतीजवळून जाताना बोतिर अका तक्त्यासमोर थांबले, चष्मा वर सरकवला आणि मला म्हणाले, "शाब्बास, पोरी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काम करता आलं असतं. आज ओळी ८०.

२४ सप्टेंबर, बुधवार

घडलं तसं क्रमाने लिहिते.

आठ वाजता ऑफिस उघडलं तेव्हा फोन वाजतच होता. शहराच्या सेर्गेली भागात आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा हॉल आहे. तिथले मुख्य आचारी हैदर उस्ता बोलत होते. लग्नाच्या दिवशी पहाटे पुरुषांना जो पुलाव घालतात, तो तेच शिजवतात. ओपांनी सवयीने "हो, झालं बघा" म्हणून ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा उस्तांचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला.

"झालं ना! तेच सांगतोय, झालाय! चारशे माणसांचा पुलाव झालाय! नवरा कुठेय? नवऱ्याचा बाप कुठेय? माणसं कुठेत?"

ओपांनी स्क्रीन बघितली. "उस्ता, अहो, पहाटेचा पुलाव उद्या आहे. गुरुवारी."

"तुमच्या कागदावर गाजरं मंगळवारी रात्री आहेत. कढई बुधवारी पहाटे. मी कागद वाचू नको का?"

"वाचा ना. पण..."

"पण काय? तांदळाला सांगू का, उद्या ये म्हणून?"

साडेनऊला त्यांचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. कढई उतरवायला चार माणसं लागली. "तुमचा पुलाव," हैदर उस्ता म्हणाले. "तुम्हीच खा. मला उद्यासाठी परत चढवायचाय." आणि गेले.

ओयबेक अका कढईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याचा टास्क कुणाच्या नावावर काढायचा?"

बोतिर अकांनी झाकण उचललं होतं. गाजरं, चणे, वर आख्खे लसूण. "पोरांनो, हा गार झाला तर पाप लागेल," ते म्हणाले. खालच्या शिंप्यांना, पलीकडच्या दातांच्या दवाखान्याला, शाळेच्या रखवालदाराला, सगळ्यांना बोलावणं गेलं. आम्ही दोन टेबलं जोडली आणि आपोआप जुन्याच जागांवर बसलो. माझ्या हातात किटली आली. ती कुणी दिली ते आठवत नाही.

एल्योर जेवत नव्हता. "मला कळतच नाहीये," तो म्हणाला. "मी तर नीट केलं होतं. आचारी आदल्या रात्री कामाला लागतात, म्हणून कागदावरची तारीख एक दिवस मागे घेतली."

बोतिर अकांचा घास हातातच राहिला. "तू मागे घेतलीस?"

"हो."

"अरे बाबा, मी चार वर्षं मागे घेतोय."

"मग मला कुणी सांगितलं नाही!"

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "चौदा मेला. तेव्हाही तू हेच करणार होतास."

"मेमध्ये सांगितलं होतंस, मग सप्टेंबरात का नाही सांगितलंस? मी आलो होतो ना तुझ्याकडे?"

कारण सापडायला पहिल्या प्याल्यापासून अकरा मिनिटं लागली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हैदर उस्तांचा दुसरा पुलाव वेळेवर झाला. लग्न पार पडलं. हॉलचे मालक मात्र म्हणतात, की वर्षअखेरीस आमचं सॉफ्टवेअर बंद करणार.

ओयबेक अकांना चुकीवर एक नाव हवंय. एल्योरच्या नावावर पन्नास वजा केले तरी त्याचे १८५ उरतात. चारशे माणसांचा पुलाव एक दिवस आधी शिजवून तो पहिला आहे. ओयबेक अकांनी तक्त्याची बेरीज पुन्हा हाताने केली.

२९ सप्टेंबर, सोमवार

चूक नोंदवायची जबाबदारी माझी आहे, म्हणून मूळ कारणापर्यंत गेले. एल्योरने तारीख बदलली, कारण त्याला माहिती नव्हती. माहिती नव्हती, कारण त्याने विचारलं तेव्हा त्याला टास्क लिहायला सांगितलं गेलं. तसं सांगितलं गेलं, कारण चहा बंद होता. चहा बंद झाला, कारण मी बेरीज करून दाखवली.

चूक माझ्या नावावर टाकली. ४७ वजा ५० म्हणजे उणे ३. यात उदात्त काही नाही. हे फक्त बरोबर आहे. शिवाय बोतिर अका उणे ४२ वरच आहेत, त्यामुळे त्यांची खुर्चीही याने वाचत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी महिन्याचा शेवटचा तक्ता काढला. आकडे जुळेनात. कुणीतरी नोंदींत हात घातला होता.

तीच चूक एल्योरने स्वतःच्या नावावर टाकली होती. गुलचेहरा ओपांनीही टाकली होती, शेरा असा: "मी दोनदा फोन ठेवला." दोनियोरनेही टाकली होती. त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. मी त्याचे हेडफोन काढून विचारलं. तो म्हणाला, "सगळे टाकत होते." बोतिर अकांचं नाव सर्वांत शेवटी.

"अका, तुम्ही तर आधीच शेवटी आहात!"

"म्हणून तर. माणूस गळ्यापर्यंत बुडाल्यावर अजून पन्नासने काय ओला होणार?"

"पण एक चूक पाच जणांची असू शकत नाही. माहिती खराब होते."

"होऊ दे की गं जरा खराब."

मी पुन्हा मांडणी केली. एल्योर १८५, दोनियोर ७०, ओपा ३८, मी उणे ३, बोतिर अका उणे ९२. पाच जणांनी पन्नास-पन्नास कापून घेतले आणि क्रम होता तसाच राहिला. निव्वळ निरर्थक. हे त्यांना सांगितलं तर ते हसले, चौघेही. मला राग आला होता, असं वाटतं. डोळ्यांत पाणी का आलं ते तपासलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट दिसली, ती अहवालात लिहिली. या सूत्रानुसार जो माणूस महिनाभर काहीही करत नाही, त्याला शून्य गुण मिळतात आणि तो सहांत चौथा येतो.

ओयबेक अकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "हे माझ्याबद्दल लिहिलंयस का?"

"नाही, अका. तुमची माहिती माझ्याकडे नाही."

१ ऑक्टोबर, बुधवार. सुट्टी.

उद्या मालकीणबाई येणार. चहा परत सुरू करावा असं मी म्हणाले, तर त्याने फायदा होतो याचा पुरावा काय, असं ओयबेक अकांनी विचारलंय. पुरावा या वहीतच आहे, पण ही वही मी कुणाला दाखवत नाही. दिवसभर बसून फक्त चहाच्या नोंदी वेगळ्या उतरवल्या. २१२ निघाल्या. त्यांतल्या ३७ तारखांच्या आणि वेळांच्या. सगळ्यांपुढे मी एकच शेरा लिहिलेला होता: "माझं काम नाही."

शेरा उतरवला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मुअत्तर ओपा, म्हणजे मालकीणबाई, काठी घेऊन आल्या. तरुणपणी त्यांनी स्वतः हॉल चालवला आहे. तक्त्याकडे पाठ करूनच बसल्या.

"मला एवढंच सांगा, त्या बुधवारी चूक किती वेळात सापडली?"

"अकरा मिनिटांत," मी म्हणाले.

"आणि त्याआधी अकरा महिन्यांत अशा किती झाल्या?"

"तारखांच्या एकही नाही. सदतीस होणार होत्या." मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हे मला अपेक्षित नव्हतं.

"'बोतिर अकांना सांगितलं, शुक्रवारी दोन लग्नं आहेत, एक नाही. चार मिनिटं.' 'एल्योरला सांगितलं, तारीख आधीच मागे घेतलेली आहे. सहा मिनिटं.' 'दोनियोरला सांगितलं, हॉलवाल्यांना वाचताना चष्मा लागतो, अक्षर मोठं कर. तीन मिनिटं.'" त्यांनी पान उलटलं. "हे सगळं काय आहे?"

"टेबलावर माहिती फिरते, त्याच्या नोंदी."

"फिरवतं कोण?"

"मी दाराजवळ बसते, म्हणून माझ्या हातून जाते. त्या जागेवर कुणीही बसलं तरी जाईल."

"असं?" बोतिर अका म्हणाले. "तुझ्याआधी दोन वर्षं तिथे एल्योर बसायचा. आम्हाला फक्त चहा मिळायचा."

गुलचेहरा ओपा, दोनियोर आणि खुद्द एल्योरसुद्धा हसले. मुअत्तर ओपा हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी त्यांचा प्याला भरला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तो सेर्गेलीचा हॉल गेला तर मला पाच माणसं परवडत नाहीत. राहिला तर पाचही राहतील. शनिवारी तिथे पहाटेचा पुलाव आहे. तू जायचंस. हैदरशी बोलायचंस. मालक राजी झाला पाहिजे."

"मी प्रोग्रामर आहे, ओपा."

हे मी का म्हणाले, माहीत नाही. अकरा महिन्यांत मी हे वाक्य कुणासमोरही म्हटलं नव्हतं.

"मग? मी कुठे नाही म्हणाले?"

मी एक अट घातली. तारखेला हात लावणारा कुठलाही बदल मी वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही, अगदी बोतिर अकांचासुद्धा. वयाने एवढ्या मोठ्या माणसाचं काम मी तपासणार, असं मी त्यांच्या तोंडावर बोलून बसले होते.

बोतिर अकांनी चष्मा पुसला. "चार वर्षं वाट बघतोय, कुणीतरी वाचेल म्हणून," ते म्हणाले.

४ ऑक्टोबर, शनिवार

बोतिर अकांनी मला त्यांच्या जुन्या गाडीतून नेलं. वाटेत मी विचारलं, कारखान्यात असताना त्यांनी कधी आपलं काम मोजलं होतं का.

"मोजायचो की. तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. संध्याकाळी गठ्ठा हातात घेऊन वजन बघायचो. जड असला की वाटायचं, आज काम झालं."

"आणि हलका असला की?"

"बायको म्हणायची, आज जेवताना गप्प का आहात?"

पाचला स्वयंपाकघरात पोचलो. हैदर उस्तांनी मला बघून झारा खाली ठेवला. "पहाटेच्या पुलावाला बायका येत नाहीत."

"मी जेवायला आले नाही. तारीख बघायला आलेय."

"ती बघायला बायकांचेच डोळे लागतात का?"

"परवापर्यंत पुरुषांचे होते, उस्ता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. उस्ता हसले नाहीत, पण बाजूला सरकले. त्यांच्या कागदावर शनिवार होता. हॉलच्या वहीत शनिवार होता. नवऱ्याच्या वडिलांना मी स्वतः काल फोन केला होता, तेही शनिवारच म्हणाले होते. तिन्ही ठिकाणी शनिवार, आणि तरी पावणेसहाला अंगण रिकामं होतं. टेबलांवर नान आणि प्याले मांडलेले, आणि कुणी नाही. हॉलचे मालक फाटकाशी हात मागे बांधून उभे होते. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी घड्याळ बघितलं. मी मनातल्या मनात बोतिर अकांचं कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

सहाला चार मिनिटं असताना तुताऱ्या वाजल्या. माणसं आली. आधी म्हातारे, टोप्या सारख्या करत, मग त्यांचे मुलगे. मी दाराआडून मोजू लागले. बत्तीस, पस्तीस, चाळीस.

"उभी काय राहिलीस!" हैदर उस्ता ओरडले. "ताटं दे! इकडे! गरम आहे, फडकं लाव!"

मी ताटं दिली. एका माणसाने माझ्याकडे, मग उस्तांकडे बघितलं. उस्ता म्हणाले, "बघतोस काय, ही कंपनीची आहे," आणि त्याच्या ताटात एक लसूण जास्त टाकला. त्यानंतर कुणी बघितलं नाही.

साडेसातला मालक आत आले. कढईत वाकून बघितलं. "पुढच्या वर्षाच्या कराराचा कागद पाठवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि दर वेळी हिलाच पाठवा, म्हणजे निदान कुणाशी भांडायचं ते कळेल."

पाच खुर्च्या राहिल्या. गुलचेहरा ओपांना फोन करून सांगितलं. त्या या वेळी सतरा मिनिटं बोलल्या.

चारशे माणसांची ऑर्डर होती. किती आली ते माझ्याकडे नाही. तळाशी दोघांपुरता पुलाव उरला होता, तो उस्तांनी एका डब्यात भरून दिला. बोतिर अकांनी गाडी एका चिनाराखाली लावली आणि आम्ही डबा मध्ये ठेवून खाल्ला. तळाचा होता, जरा जास्त तेलकट. ते म्हणाले, हाच सगळ्यांत चांगला. मला आणखी हवा होता, म्हणून मी घेतला.